परटिणीचा स्नायू

नाही, पण मी म्हणतो, शिंप्यानं असं काय मोठं केलंय? मांडी घालून बसला, एवढंच ना? मांडी घालून बसला, सुई ओढली, आणि माणसाच्या अंगातला सगळ्यात लांब स्नायू, कमरेच्या हाडापासून निघून मांडीवरून तिरपा जाऊन गुडघ्याच्या आतल्या बाजूला उतरणारा, तो अख्खाच्या अख्खा त्याच्या नावावर! सार्टोरियस, म्हणजे शिंप्याचा! बरं, शिंप्याचं सोडा. गालात तुतारीवाला बसवलाय, का तर म्हणे गाल फुगवतो! आता मला सत्तरावं लागलंय, मी उभ्या जन्मात तुतारी हातात धरली नाही, गाल फुगवले ते गरम सूप फुंकायला, पण माझ्याही गालात तुतारीवालाच! मला कुणी विचारलं? नाही विचारलं. मग मी विचारलं तर एवढं काय बिघडलं, की शिंप्याला आहे, तुतारीवाल्याला आहे, मग परटिणीला का नाही?

सांगा ना! ...तुम्ही प्याला उचललात. त्या बैठकीतही मी हेच विचारलं होतं. सहा प्रोफेसर, सहा दाढ्या, आणि सगळ्या हसल्या.

थांबा, मी फार जोरात बोललो का? सालोमे, म्हणजे आमची बायको, ती म्हणते, "तुम्ही आयुष्यभर पुटपुटलात आणि आता म्हातारपणी ओरडायला लागलात, मधलं काही जमतच नाही का हो तुम्हाला?" असेल. तिचं बरोबर असेल. माझं बहुतेक चुकतंच. हे आत्ता सांगतोय यातलंही निम्मं चुकलेलं असेल, पण ऐका. आणि मला ओतू नका, अर्धाच प्याला पुरे, घरी वास येतो.

तर ही नावं. तुम्हाला वाटतं, लॅटिन आहे म्हणजे काहीतरी थोर असणार. थोर कसलं! दंड वाकवला की बेटकुळी वर येते ना, ती बघून कुणा रोमन माणसाला वाटलं, अरेच्चा, कातडीखालून उंदराचं पिल्लू पळालं! झालं. मुस्कुलस, म्हणजे उंदराचं पिल्लू. तेव्हापासून मोठमोठे सरदार, सेनापती, पैलवान, सगळ्यांच्या अंगात उंदरांची पिल्लं. तळहातात चार गांडुळं, खरंच, नावच तसं आहे. पोटरीत एक चपटा स्नायू, त्याला लेप मासा म्हणतात. समुद्र आमच्या बाझेलपासून दोनशे कोस, आणि इथल्या प्रत्येक गवळ्याच्या पोटरीत लेप मासा! आणि ज्याला मासा, उंदीर, गांडूळ काहीच सुचलं नाही तो काय करतो? पत्ता लिहितो. मानेतला तो मोठा आहे ना, स्टेर्नो-क्लायडो-मास्टॉयडेउस... म्हणजे छातीच्या हाडापासून निघा, गळ्याच्या हाडाला विचारा, कानामागे उतरा. हे नाव आहे की टपालवाल्याला दिलेला पत्ता? आणि वरच्या ओठाची नि नाकपुडीची एक कड उचलणारा एक चिमुकला स्नायू आहे, माणूस तुच्छतेनं बघतो ना, तेव्हा तो चालतो, त्याचं लॅटिन नाव इतकं लांब आहे की ते पुरतं म्हणून होईपर्यंत समोरच्याची तुच्छता ओसरलेली असते.

सगळ्यांची ओसरते असं नाही म्हणा. प्रोफेसर फॉन क्रेसेनबर्गांची नाही ओसरत.

हे कोण, ते सांगतो. त्याचं असं झालं, की एकाच स्नायूला पॅरिसात एक नाव, व्हिएन्नात दुसरं, आणि आमच्याकडे गुरू मेला की शिष्य तिसरं ठेवणार. विद्यार्थी रडकुंडीला आले. मग समित्या नेमल्या. पायाची वेगळी, पाठीची वेगळी, तोंडाची वेगळी, आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची वेगळी. ती हाताची बैठक आमच्या गावात ठरली, आणि तिचे अध्यक्ष हे फॉन क्रेसेनबर्ग, उत्तरेकडचे, ताठ, डाव्या गालावर तलवारीचा वण. कॉलेजात असताना द्वंद्व खेळलेले. तो वण ते असा मिरवतात जसं दुसरं कुणी पदक मिरवेल, बोलताना मुद्दाम उजेडाकडे गाल करतात. सात सभासद. सातवा मी. मला का घेतलं? गावातला एक माणूस हवा होता, कॉफी कुठून येते नि शेगडी कोण पेटवतो हे माहीत असलेला.

मी प्रोफेसर नाही हो. लोक म्हणतात, मी नको म्हणत नाही, ती माझी चूक. प्रोफेसर छडी घेऊन आत येतात आणि म्हणतात, "सज्जनहो, इथे आपल्याला दिसतो तो अमुक स्नायू," तेव्हा तो जो दिसतो ना, तो आपणहून नाही दिसत. कुणीतरी पहाटेपासून वाकून, चरबी काढून, तंतू न् तंतू मोकळा करून ठेवलेला असतो. तो मी. चौतीस वर्षं. आणि त्या चौतीस वर्षांत जगाला मी काय दिलं? एक स्नायू. एवढासा, करंगळीएवढा, तोही सगळ्यांना नसतो. मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला. दोनशे माणसांत अकरा जणांतच सापडला. पण तो मी शोधला, आणि तो ज्या बाईच्या हातात शोधला तिचं नाव बाबेट शाउब.

बाबेट आमच्या विच्छेदनगृहाचे एप्रन धुवायची. दर सोमवारी गाठोडं न्यायची, गुरुवारी आणायची. तुम्हाला सांगतो, त्या बाईइतकं शरीरशास्त्र कळणारा माणूस मी पाहिला नाही. गाठोडं सोडून डाग बघायची आणि म्हणायची, "काय डॉक्टर, या आठवड्यात यकृत वाटतं? यकृत थंड पाण्यात निघतं हो, पण ते पित्ताचं काय ते तेवढं जरा जपून कापत जा, त्याला मला दोन दिवस उन्हात टाकावं लागतं." वेळापत्रक दारावर लागायच्या आधी तिला ठाऊक! एकदा नवे प्रोफेसर आले, फार टापटिपीचे, तर गुरुवारी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टर, हे साहेब काही कापत नाहीत बरं का. एप्रन नुसता घामानं भिजलाय." आणि खरं होतं! साहेब घाबरून छडीनंच शिकवत होते!

आणि एकदा म्हणाली, हसत म्हणाली हो, वाकड्यात नाही, "तुमच्या त्या जाड पुस्तकात शिंपी आहे म्हणे?" मी म्हटलं, आहे. "आणि माझ्याशिवाय तुमचा एक दिवस तरी जातो का? मग मी कुठेय त्या पुस्तकात?" मी हसलो. काय बोलणार? मला वेळेवर काही सुचत नाही, चार दिवसांनी सुचतं, तेव्हा समोर कुणी नसतं.

अठराशे सदुसष्ट साली, फेब्रुवारीत, ती छातीत थंडी भरून गेली. मागेपुढे कुणी नाही. आणि ज्याच्यामागे कुणी नाही त्याला कुठे आणतात, हे तुम्हाला माहीत आहे, आमच्या विच्छेदनाच्या टेबलावर. मी सकाळी चादर काढली. चेहरा नाही बघितला आधी, सवय नसते, मी आधी हात बघतो. ते हात मी ओळखले.

...नाही, काही नाही. धूर गेला डोळ्यात.

दोन्ही हातांत तो स्नायू होता. सव्वीस वर्षं ओले एप्रन पिळून पिळून आलेला, असं मला वाटलं. जन्मतःच असेल, मला काय ठाऊक? मी कुठे म्हणतोय मला ठाऊक आहे? पण एक हात मी बरणीत ठेवला, बाकी बाबेटला रीतसर मूठमाती दिली, आणि त्या स्नायूवर चार पानांचा निबंध लिहिला. नाव दिलं मुस्कुलस लावात्रिकिस. परटिणीचा स्नायू. शिंप्याला आहे, परटिणीला का नाही?

तो निबंध कुणी वाचला? सालोमेनं. तेही टपालात चुकून दोन प्रती आल्या म्हणून.

तर बैठक. पहिले दोन दिवस मी कॉफी बघितली. तिसऱ्या दिवशी फॉन क्रेसेनबर्ग म्हणाले, "किरकोळ बाबी. डॉक्टर झेस्लिन, आपलं काही होतं वाटतं?" मी उभा राहिलो. बरणी टेबलावर ठेवली. वरचं फडकं काढलं. मी म्हटलं, हा हात बाबेट शाउबचा. तर साहेबांची ती नाकपुडी उचलली. "नाव कशाला, डॉक्टर? नमुन्याचा क्रमांक सांगा."

बघा हं! नावं ठरवायला माणसं गावोगावहून आलेली, आणि नाव कशाला!

मी क्रमांक सांगितला. दोनशे चौदा. काय करणार? पण बरणीच्या बुडाला, खालून, मी तेव्हाच पेन्सिलीनं तिचं नाव लिहून ठेवलेलं आहे, ते त्यांना कुठे दिसतंय.

मग साहेब म्हणाले, "एका धुणेवालीच्या हातातली निसर्गाची चूक. अशा चुकांना आपण नावं देत बसलो तर पुस्तकाचं गोदाम होईल." व्हिएन्नाचे जाडे ओबरहुबर म्हणाले, "आणि उद्या स्वयंपाकीण येईल, परवा गवळण येईल, आणि मग माझी सासू येईल!" सगळे हसले. हसण्याचाही एक स्नायू आहे, त्यालाही नाव आहे, रिझोरियस. हसणाऱ्यांना आहे बरं का!

आणि मी... मला माहीत नाही मला काय झालं. मी म्हटलं, चूक आहे का ते बघू या. जिवंत हातात बघू या. मी कॉफीचा टॉवेल उचलला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि म्हटलं, जो हा जोर लावून पिळेल आणि करंगळी आत दाबेल, त्याच्या मनगटावर, असेल तर, एक वरंबा उठेल. काढा कोट!

अहो, काढले! पंडित माणसं, कुतूहल असतंच. कडक इस्त्रीचे कफ सोडले, बाह्या वर सारल्या, आणि टॉवेल फिरायला लागला. ओबरहुबरांनी पिळला, विजारीवर पाणी, वरंबा नाही. लायप्झिगच्या साहेबांनी पिळला, चष्मा कॉफीत, वरंबा नाही. चिटणीस विडमर, तरुण माणूस, लाल होईपर्यंत पिळला, नाही. बाकीच्यांनी पिळला, नाही. मी पिळला. माझ्या हातात नाहीच, ते मला सव्वीस वर्षं ठाऊक आहे. राहता राहिले अध्यक्ष. "हा पोरखेळ आहे," म्हणाले, आणि धरला टॉवेल, आणि असा काही पिळला की फडका करकरला, आणि मनगटावर, करंगळीच्या बाजूला, दोरीसारखा, टणक, स्वच्छ... उठला!

हुबेहूब बाबेटचा!

तुम्हाला सांगतो, टॉवेलातलं पाणी साहेबांच्या बुटावर टपटपत होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, जिंकलो. बाबेट, जिंकलो आपण! फॉन क्रेसेनबर्ग आपल्या हाताकडे बघतायत, हात उलटा करून बघतायत, उजेडात धरून बघतायत... आणि हळूहळू गाल उजेडाकडे वळला. वण चमकला. "अर्थात," म्हणाले. "अर्थात! तलवार! तीन वर्षांचा सराव. सज्जनहो, ही चूक नव्हे. ही रचना आहे. हिला नाव दिलंच पाहिजे. तलवारबाजाचा स्नायू!"

आता मला सांगा! पाच मिनिटांपूर्वी ती निसर्गाची चूक होती की नाही? परटिणीच्या हातात चूक, आणि साहेबांच्या हातात रचना? मी चाचरत म्हटलं, साहेब, बाबेटनं तलवार कधी... तर म्हणाले, "तिच्यात तो योगायोगानं आला असेल." आणि तुमच्यात? "माझ्यात सरावानं." झालं! शास्त्र संपलं!

मतदान. हात वर करून. तिघं म्हणाले, तलवारबाजाचा. उरलेले तिघं जरा कडक होते, म्हणाले आपण नावं कमी करायला आलोय, वाढवायला नाही, स्नायूच नको. तीन आणि तीन. सगळे माझ्याकडे वळले. चिटणीस विडमर माझ्या कानाशी लागला, चांगला मुलगा आहे, मनापासून म्हणाला, "डॉक्टर झेस्लिन, हो म्हणा. खाली टीप येईल, प्रथम वर्णन झेस्लिन, १८६७. जगातल्या प्रत्येक विद्यापीठात तुमचं नाव जाईल. नाही म्हणालात तर स्नायूच गेला, निबंधही गेला, सगळंच गेलं."

आता तुम्ही मला ओळखता. मी हॉटेलात सूप थंड आलं तर परत पाठवत नाही. मी स्वतःच्या लग्नात पाद्र्यानं माझं नाव चुकीचं घेतलं तरी हो म्हणालो. चौतीस वर्षं मी कापलं आणि दुसऱ्यांनी छडी दाखवली, मी हूं की चूं केलं नाही. आणि समोर काय होतं? माझं नाव. छापलेलं. मी मरून गेल्यावर उरणारी एकच गोष्ट. माझा हात उठत होता हो, खोटं कशाला बोलू, अर्धा उठलाही होता...

आणि मी बरणीकडे बघितलं. अध्यक्षांचा हात वर होता, बाही अजून सारलेली, आणि त्यांचा तो वरंबा बरणीच्या काचेत पडलेला, बाबेटच्या हाताशेजारी. दोन्ही अगदी सारखे. आणि मला इतक्या वर्षांनी वेळेवर सुचलं! पहिल्यांदा! मी म्हटलं, "साहेब, शिंपी शिवायचा थांबला तर माणसं नागडी हिंडतील. तुतारीवाला थांबला तर निदान झोप लागेल. परटीण थांबली तर तुम्ही, मी, आपण सगळे याच खोलीत पित्तानं बरबटलेले उभे राहू. तुमची तलवार थांबून चाळीस वर्षं झाली, कुणाचं काही अडलं का? एक तर परटिणीचा, नाही तर कुणाचाच नाही." आणि हात खाली घेतला.

चार विरुद्ध तीन. विडमरनं वहीत ओळ खोडली. खोडताना त्याच्याही अंगठ्याचे तीन-चार स्नायू चालले, सगळ्यांना नावं आहेत.

मी माझ्याच स्नायूच्या विरुद्ध मत दिलं! असा गाढव बाझेलात दुसरा दाखवा! आता तो स्नायू कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणजे शास्त्राप्रमाणे तो नाहीच. साहेबांच्या हातातही नाही! गाडीत बसताना मनगट चोळत होते, मी बघितलं. तेवढं एक समाधान... नाही, तेही नको होतं. नंतर वाटलं, बिचारे.

बरणी काखेत मारून घरी आलो. सोमवार. अंगणात सालोमे चादरी धूत होती, बाह्या खांद्यापर्यंत. मी सगळं सांगितलं, अस्सं, तुम्हाला सांगितलं तसं, शिंप्यापासून. ती धूत होती. मी म्हटलं, दोनशे माणसांचे हात बघितले मी, अकरा जणांत होता, आणि आज मीच तो पुसून आलो. ती म्हणाली, "कसा दिसतो हो तो? तुमच्या त्या चार पानांतून मला काही कळलं नव्हतं." आणि चादर पिळायला घेतली. करकरून.

आणि उठला!

मनगटावर, करंगळीच्या बाजूला, दोरीसारखा, टणक. बाबेटपेक्षा दणकट! एकेचाळीस वर्षं संसार झाला, मी बोट दाखवत नुसता उभा. तिनं हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दोनशे मेलेल्यांचे हात बघितलेत," म्हणाली. "घरातला एक जिवंत होता."

मला काय बोलावं सुचेना. चार दिवसांनीही नाही सुचलं. मी म्हटलं, सालोमे, मी परत लिहितो, नवा निबंध लिहितो, नाव... "काय नाव ठेवलं त्यांनी शेवटी?" काहीच नाही. "मग ठीक आहे. ठेवलं असतं तरी पिळायच्या चादरी तेवढ्याच होत्या. उभे काय राहिलात? ती बरणी खाली ठेवा, नीट ठेवा, बाबेट आहे ती, आणि हे टोक धरा. हं. आता उलटं फिरवा. अहो, उलटं! माझ्याच बाजूला काय फिरवताय?"

तेव्हापासून दर सोमवारी ते टोक माझ्याकडे. सात महिने झाले. कामानं येत असेल तर यायला हवा ना, म्हणून दर मंगळवारी सकाळी मी खिडकीशी उभा राहून बाही सारतो, करंगळी दाबतो, भिंग लावून बघतो...

स्नायू नाही. सर्दी आहे.